इंग्रजी भाषेंतील मानहानीचे शब्द

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यांतील पुष्कळांस नवल वाटलें असेल. नांगर-पाभर, ऐरण-हातोडा, चाक आणि माग ह्यांवर ज्यांचें पोट, त्यांनीं इंग्रजी शिव्यांचा विचार कशाला करावा? शिव्या काय आपल्याकडे कमी पडल्या आहेत? खरें आहे, त्या बाबतींत आपणांस परमुलुखांतून माल आणण्याची गरज नाहीं. पण इंग्रज १९४७ सालीं गेले आणि इंग्रजी राहिली. आपलीं मुलें शाळेंत ती शिकतात, तिच्यांतल्या म्हणी पाठ करतात, आणि मास्तर त्यांस एवढेंच सांगतात कीं ह्या शब्दाचा अर्थ अपमान, त्या म्हणीचा अर्थ नाचक्की. तो अपमान प्रथम कोणाचा झाला आणि कोणीं केला, हें धड्याच्या पुस्तकांत छापलेलें नसतें. तें शोधूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्या भाषेंतल्या पुष्कळ शिव्या म्हणजे शेतकऱ्याचीं, गड्याचीं आणि कारागिराचीं जुनीं नांवें आहेत. कष्टाच्या धंद्याचें नांव घेऊन त्याची शिवी कशी करतात, हें दूरच्या देशांत पाहिलें म्हणजे डोकें न तापतां नीट पाहतां येतें. म्हणून हा विषय आम्हीं घेतला.

प्रथम खुद्द अपमान ह्या शब्दाकडेच पाहूं. इंग्रजींत अपमानाला ‘इन्सल्ट’ म्हणतात. तो लॅटिन भाषेंतून आला आणि तेथें त्याचा अर्थ अंगावर उडी घेणें असा होता. मानहानीला ‘ह्युमिलिएशन’ म्हणतात. त्याच्या मुळाशीं ‘ह्यूमस’ म्हणजे माती हा शब्द आहे. माणसाला खालीं जमिनीच्या बरोबरीला आणलें म्हणजे त्याची मानहानी झाली. आपणहि ‘मातींत मिळविणें’ असेंच म्हणतों. पण विचार करा, जो सकाळपासून संध्याकाळपर्यंत मातींत हात घालून जगाला अन्न पुरवितो, त्याला माती ही कमीपणाची खूण कशी वाटेल? ज्याच्या अंगाला माती लागत नाहीं, त्यालाच ती तशी वाटते. म्हणजे शब्द कोणीं घडविला, ह्याचा पत्ता शब्दच देतो.

आतां ‘व्हिलन’ ह्या शब्दाकडे वळूं. हा शब्द आतां खेड्यांतल्या लहान पोरालाहि ठाऊक आहे. सिनेमांत जो कपट करतो आणि शेवटीं मार खातो, तो व्हिलन, मराठींत खलनायक. हा मुळांत कोण? लॅटिन भाषेंत ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी, मळ्यावरचें घर. त्या वाडीवर राबणारा तो ‘व्हिलानस’, म्हणजे आपल्या भाषेंत वाडीकर, मळेकरी. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि १०८६ सालीं सगळ्या राज्याची पाहणी करून दप्तर लिहविलें. त्याला डूम्सडे बुक म्हणतात. गांवोगांव किती नांगर, किती कुरण, किती माणसें, हें त्यांत टिपलेलें आहे. आणि माणसांच्या यादींत सर्वांत मोठा भरणा ह्या ‘व्हिलानस’ लोकांचा आहे. चोर-दरोडेखोर म्हणून नव्हे, तर नांगर धरणारीं कुळें म्हणून.

हीं कुळें सरदारांच्या जमिनीला बांधलेलीं असत. आठवड्यांतले कांहीं दिवस सरदाराच्या खाजगी शेतांत फुकट राबावयाचें. मुलीचें लग्न करावयाचें तर सरदाराला पैसे भरून परवानगी घ्यावयाची. घरचा कर्ता मेला कीं गोठ्यांतलें सर्वांत चांगलें जनावर सरदाराच्या गोठ्यांत जावयाचें. म्हणजे ज्या दिवशीं घरांत रडारड, त्याच दिवशीं दावणीचा बैल सोडून द्यावयाचा. वेठ-बिगार म्हणजे काय हें ज्यांनीं घरच्या वडीलमंडळींकडून ऐकलें आहे, त्यांस ह्यांत अधिक कांहीं समजावून सांगणें नको.

पुढें १३४८ सालीं तेथें महामारी आली आणि माणसें पटापट मेलीं. मजूर थोडे उरले, साहजिकच मजुरी वाढली. तेव्हां सरदारांच्या पार्लमेंटानें १३५१ सालीं कायदा केला कीं मजुरांनीं महामारीपूर्वींच्याच दरानें काम करावें, तशी शपथ घ्यावी, आणि न घेईल त्याला खोड्यांत घालावें. त्यासाठीं गांवोगांव खोडे करून ठेवावे. खोडा म्हणजे लांकडाच्या दोन फळ्या. त्यांच्या भोंकांत पायाचे घोटे अडकवून माणसाला चव्हाट्यावर बसवावयाचें. आपण ‘कामांत खोडा घालणें’ म्हणतों तो हाच खोडा. ह्या शिक्षेंत फटके नाहींत, दंड नाहीं. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं पाहावें आणि हसावें. सावकाराच्या दारांत भर उन्हांत उभ्या केलेल्या कुळाला ती शिक्षा काय असते हें कळेल.

ह्या सगळ्याचा स्फोट १३८१ सालीं झाला. शेतकरी आणि कारागीर हातांत मिळेल तें हत्यार घेऊन लंडनवर चालून गेले. वॉट टायलर त्यांचा पुढारी होता आणि जॉन बॉल हा पाद्री त्यांचा उपदेशक होता. दुसरा रिचर्ड राजा तेव्हां अवघा चौदा वर्षांचा होता. १४ जूनला माईल एंड येथें त्यानें ही कुळबंदी मोडण्याचें वचन दिलें, तसे दाखले लिहून दिले. दुसऱ्याच दिवशीं स्मिथफील्ड येथें बोलणें चालूं असतां लंडनच्या मेयरनें वॉट टायलरवर शस्त्र चालविलें व तो मारला गेला. लोक पांगले, आणि मग राजाने आपले दाखले रद्द केले. त्या काळचा एक मठवासी बखरकार लिहितो कीं, लोक राजाला वचनाची आठवण द्यावयाला गेले तेव्हां राजानें सुनावलें: तुम्ही व्हिलन आहांत आणि व्हिलनच राहाल.

ह्या ठिकाणीं इंग्रजींतली आणखी एक म्हण सांगून टाकतों. ‘इजेवर अपमानाची भर घालणें’ अशी ती आहे; आपण जखमेवर मीठ चोळणें म्हणतों. ही म्हण फीड्रस नांवाच्या रोमी कथाकाराच्या एका गोष्टींतून आली. हा फीड्रस मूळचा गुलाम, मागाहून मोकळा झालेला. गोष्ट अशी कीं टकल्या माणसाच्या डोक्याला माशी चावली. तिला मारावयाला त्यानें चापट मारली, ती आपल्याच टाळूवर बसली. माशी हसून म्हणाली, मी चावलें म्हणून तूं माझा जीव घेणार होतास. आतां स्वतःच्या इजेवर स्वतःच्याच अपमानाची भर घातलीस, त्याची शिक्षा स्वतःला काय देशील? गोष्ट गमतीची आहे. परंतु वचन मोडून, पुढारी मारून, वर ‘तुम्ही तेच राहाल’ असें ऐकविणें ही त्याच म्हणीची न हसण्याजोगी बाजू झाली.

असो. कुळबंदी काळाच्या ओघांत सैल होत जाऊन पुढें नाहींशी झाली. पण नांव सुधारलें नाहीं, उलट बिघडत गेलें. आधीं अर्थ कुळ, मग हलक्या कुळाचा, मग हलक्या मनाचा, शेवटीं दुष्ट. पुढें इंग्रज विद्वानांनीं एका अक्षराचा फरक करून इतिहासांतला व्हिलन निराळा आणि नाटकांतला निराळा लिहावयाला सुरुवात केली. अक्षर बदललें, माणूस तोच.

आणि हा एकटाच नाहीं. ‘चर्ल’ म्हणजे इंग्रजांच्या जुन्या राज्यांत स्वतंत्र शेतकरी. आतां त्यावरून झालेल्या शब्दाचा अर्थ उर्मट, असंस्कृत. ‘बूअर’ म्हणजे शेतकरी; आतां अर्थ रानवट. (दक्षिण आफ्रिकेंतल्या डच शेतकऱ्यांनीं मात्र ‘बोअर’ हेंच नांव अभिमानानें मिरविलें आणि १८९९ ते १९०२ पर्यंत त्या नांवानें इंग्रजांशीं लढाई दिली.) ‘नेव्ह’ म्हणजे मुलगा, मग पोऱ्या, मग नोकर, आणि आतां लबाड; जर्मन भाषेंत त्याच मुळाचा शब्द अजूनहि साध्या मुलालाच लावतात. ‘ल्यूड’ म्हणजे पाद्री नसलेला, अक्षरशून्य; आतां अर्थ अश्लील. ज्याला लिहितां-वाचतां येत नाहीं तो अश्लील, असा न्याय लिहितां-वाचतां येणाऱ्यांनींच केला. दुसऱ्या कोणाच्या हातांत लेखणी होती?

आणि ‘लॉर्ड’ कोण? हा शब्द ऐकून तुम्हांला हसूं येईल. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ भाकरीचा राखणदार. ‘लेडी’ म्हणजे भाकरीचें पीठ मळणारी. आमच्या भगिनींनीं हें ध्यानांत ठेवावें; पहाटे परातींत पीठ मळणारी प्रत्येक बाई मूळ अर्थानें लेडी आहे. तेव्हां हिशेब असा झाला: भाकरी राखणारा तो लॉर्ड, आणि भाकरीचें धान्य पिकविणारा तो व्हिलन.

कारागिरांचीहि हीच गत. भांडीं डागणारा, कल्हईवाल्यासारखा गांवोगांव फिरणारा जो ‘टिंकर’, त्याच्या शिवीलाहि किंमत नाहीं, अशी म्हण आहे; एखादी वस्तु कवडीमोल आहे असें सांगावयाचें म्हणजे ती टिंकरच्या शिवीइतक्याहि किंमतीची नाहीं म्हणतात. आणि ज्याचें पुस्तक इंग्रजींतल्या सर्वांत अधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत गणलें जातें, तो जॉन बनियन हाच धंदा करणारा होता. सरकारमान्य नसलेला उपदेश केला म्हणून तो १६६० पासून बारा वर्षें तुरुंगांत होता. त्याचें तें पुस्तक १६७८ सालीं निघालें, आणि १८४१ सालीं हरि केशवजी ह्यांनीं ‘यात्रिकक्रमण’ ह्या नांवानें तें मराठींतहि आणलें. टिंकरच्या शिवीची किंमत कांहींहि असो, त्याच्या शब्दाची किंमत ही.

शिंप्याविषयीं तेथें म्हणतात कीं नऊ शिंपी मिळून एक पुरुष. चांभाराला सांगतात कीं तूं आपल्या कलबुताशीं राहा. ही दुसरी म्हण फार जुनी आहे. प्लिनी नांवाच्या रोमी ग्रंथकारानें तिची हकीकत दिली आहे. अपेलीस नांवाचा ग्रीक चितारी आपलीं चित्रें रस्त्याच्या कडेला मांडून मागें लपून लोकांचें बोलणें ऐके. एका चांभारानें चित्रांतल्या वहाणेंतली चूक दाखविली. चिताऱ्यानें ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशीं त्याच चांभारानें चित्रांतल्या पायाविषयीं कांहीं म्हटलें, तेव्हां चितारी बाहेर येऊन म्हणाला, चांभारानें वहाणेच्या वर जाऊं नये. शाळांतून ही गोष्ट चांभाराच्या उद्धटपणाची म्हणून सांगतात. आम्हांला ती निराळी दिसते. चूक सांगितली तोंवर फायदा घेतला. दुसरी चूक सांगितली तेव्हां जात दाखविली. जन्मभर माणसांचे पाय हातांत धरून मापें घेणाऱ्याला पायाची चूक दिसणार नाहीं, तर कोणाला दिसणार? आपल्याकडेहि ‘चांभाराची नजर जोड्यावर’ म्हणून हिणवतात. पण नजर होती हें त्यांतहि कबूल आहे.

आतां खाण्यापिण्यांतल्या म्हणी. ‘हंबल पाय खाणें’ ही इंग्रजींतली फार चालती म्हण. पाय म्हणजे चालण्याचा पाय नव्हे. पिठाच्या पारींत सारण भरून भट्टींत भाजलेला पदार्थ. ही पाय खाणें म्हणजे नाक मुठींत धरून माफी मागणें. मूळ शब्द ‘अंबल्स’. हरणाचें काळीज, आंतडीं वगैरे वरकड मांस. लोक सांगतात कीं शिकारीचें चांगलें मांस मालकाच्या पानांत आणि आंतडीं नोकरांच्या, म्हणून ती पाय म्हणजे अपमान. परंतु सतराव्या शतकांतल्या सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशींत ही पाय तो आवडीनें खातांना दिसतो, आणि तो कांहीं कोणाचा गडी नव्हता. खरी गोष्ट अशी दिसते कीं अपमानाचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस, ‘अंबल’ आणि ‘हंबल’ ह्यांच्या उच्चाराचा खेळ करून चिकटविला गेला. म्हणजे पदार्थ बिचारा निर्दोष! काळीज-आंतडीं रांधून खाणाऱ्यांनीं हें ऐकून ठेवावें.

मिठाची गोष्ट मात्र खरोखरीच पंक्तिभेदाची आहे. मोठ्या लोकांच्या वाड्यांत लांब मेजावर मध्यें मिठाचें भांडें ठेवीत. त्याच्या वरच्या अंगाला मानकरी, खालच्या अंगाला हलके लोक. त्यावरून ‘मिठाच्या खालीं बसणें’ म्हणजे कमी दर्जाचें असणें. निदान त्यांचें मेज एक होतें. आपल्याकडच्या पंक्तीचें तुम्हांस ठाऊकच आहे. तेथें कित्येकांना मीठ कोणत्या बाजूला आहे हें दिसावयाचाहि प्रश्न नव्हता, त्यांना अंगणाबाहेर वाढीत.

भोंदू वैद्याच्या गड्यावरूनहि एक शब्द आला आहे. बाजारांत औषध विकणारा वैदू आपल्या पोऱ्याला लोकांसमोर बेडूक खाल्ल्याचें सोंग करावयास लावी, कारण बेडूक विषारी अशी समजूत होती. मग औषध पाजून त्याला बरें केल्याचें दाखवी. तो पोऱ्या ‘बेडूकखाऊ’. त्यावरून ‘टोडी’ म्हणजे हांजीहांजी करणारा, लाळघोट्या. वास्तविक पोटासाठीं बेडूक तोंडांत धरणाऱ्याची कींव यावी आणि धरावयास लावणाऱ्याची चीड यावी. भाषेनें मात्र वैदूला सोडून दिलें आणि पोऱ्याला पकडलें.

आतां हाक मारण्याविषयीं. आपल्याकडे जसें तूं आणि तुम्ही, तसे इंग्रजींत पूर्वीं ‘दाऊ’ आणि ‘यू’ असे दोन शब्द होते. वडिलांना, मालकाला ‘यू’; मुलाला, गड्याला ‘दाऊ’. १६०३ सालीं सर वॉल्टर रॅले ह्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हां सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टांत मुद्दाम एकेरीवर आला, आणि आपण एकेरीवर येत आहों हेंहि त्यानें बोलून दाखविलें. एवढ्या मोठ्या सरदाराचा पाणउतारा करावयाला एक सर्वनाम पुरलें. आपल्याकडे पिकल्या केसांच्या गड्याला वाड्यांतलें दहा वर्षांचें पोर अरे-तुरे करी आणि गडी त्या पोराला अहो-जाहो करी. त्या गड्याला जन्मभर रोज कोर्टांत उभें केल्यासारखेंच झालें कीं नाहीं?

ह्या रिवाजाविरुद्ध इंग्लंडांत एक पंथ उभा राहिला. त्यांचें स्वतःचें नांव ‘मित्रमंडळ’ अशा अर्थाचें होतें. पण १६५० सालीं त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स ह्यानें एका मॅजिस्ट्रेटाला ‘देवाच्या वचनापुढें थरथर काप’ असें बजावलें, तेव्हां त्या मॅजिस्ट्रेटानें थट्टेनें त्यांना ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे म्हटलें. ते राजालाहि ‘तूं’ म्हणत आणि कोणापुढेंहि टोपी काढीत नसत. ‘हातांत टोपी घेऊन जाणें’ ही लाचारीची इंग्रजी म्हण आजहि आहे. त्यांनीं ती लाचारीच नाकारली. १६७० सालीं विल्यम पेन आणि विल्यम मीड ह्यांच्यावर लंडनांत खटला झाला. शिपायानें त्यांच्या टोप्या आधींच काढून घेतल्या होत्या. न्यायाधीशांनीं त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर घालावयास लावल्या, आणि मग टोप्या काढल्या नाहींत म्हणून प्रत्येकीं चाळीस मार्क दंड केला! अपमान करावयाचाच ठरला म्हणजे टोपी घालूनहि करतां येतो. पण ज्यूरींतल्या सामान्य माणसांनीं, दोन रात्री अन्नपाण्यावांचून कोंडून ठेवलें तरी, आरोपींना दोषी ठरविलें नाहीं. आणि त्यावरूनच पुढें ज्यूरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करतां येत नाहीं हें तत्त्व तेथें कायम झालें. क्वेकर हें थट्टेचें नांव त्या पंथानें टाकलें नाहीं. जगभर ते त्याच नांवानें ओळखले जातात.

आतां मजा पाहा. क्वेकरांना सर्वांनीं सर्वांना ‘तूं’ म्हणावयास हवें होतें. झालें उलट. ‘दाऊ’ मागें पडला, आणि आज इंग्रज मालक नोकराला ‘यू’ म्हणतो, नोकर मालकाला ‘यू’ म्हणतो. आम्हांला विचाराल तर हाच सौदा बरा.

थट्टेचें नांव उचलून घेण्याची युक्ति बायकांनीं तर फारच चांगली वापरली. मताचा हक्क मागणाऱ्या इंग्रज स्त्रियांना १९०६ सालीं डेली मेल ह्या वर्तमानपत्रानें ‘सफ्रेजेट’ म्हटलें. मताधिकारवाल्या लोकांच्या नांवाला लहानपणाचें शेपूट जोडून केलेला हा शब्द, जसें आपण बाईला ‘पुढारीण’ म्हणून नाक मुरडतों तसें. एमेलीन पँकहर्स्टबाईंच्या पक्षानें तो शब्द हंसत घेतला, आणि १९१२ सालीं आपल्या पत्राचें नांवच ‘द सफ्रेजेट’ ठेवलें. १९१८ सालीं कांहीं स्त्रियांना आणि १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें सर्व प्रौढ स्त्रियांना तेथें मत मिळालें. डेली मेलचा तो लेख आज कोणी वाचीत नाहीं; शब्द इतिहासांत मानानें बसला आहे.

आतांपर्यंत वरच्यांनीं खालच्यांना दिलेलीं नांवें पाहिलीं. एक शब्द मात्र असा आहे कीं जो शेतकऱ्यांनीं घडविला आणि जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या गळ्यांत बांधला. तो ‘बॉयकॉट’. आयर्लंडांत मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न ह्याची जमीन होती आणि कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा तिचा कारभारी. १८८० सालीं कुळांनीं रुपयांत चार आणे सूट मागितली. मालक सुमारें दीड आण्याच्या वर जाईना. बॉयकॉटनें घरांतून काढण्याच्या नोटिसा पाठविल्या, तेव्हां बायकांनीं नोटीसवाल्यावर चिखल आणि शेणखत फेकून त्याला पळवून लावलें. त्या आधीं थोडेच दिवस शेतकऱ्यांचे पुढारी पार्नेल ह्यांनीं एनिस येथील सभेंत सांगितलें होतें कीं, दुसऱ्याची काढलेली जमीन जो घेईल त्याला मारूं नका. रस्त्यांत, दुकानांत, देवळांत त्याला एकटा पाडा. मेयोच्या लोकांनीं तेंच बॉयकॉटला केलें. गडी गेले, मोलकरणी गेल्या, लोहार नाल मारीना, धोबीण कपडे धुवीना, दुकानदार माल देईना. उभें पीक काढावयाला उत्तरेकडून पन्नास माणसें आणावीं लागलीं आणि त्यांच्या रक्षणाला हजारांवर सैनिक व पोलीस. पार्नेल म्हणाले कीं एकेका सलगमामागें एक शिलिंग खर्च आला. डिसेंबरच्या पहिल्या तारखेस बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

ह्या कृत्याला नांव काय द्यावें, असा प्रश्न तेथील पाद्री ओमॅली ह्यांच्यापुढें पडला. विद्वानांचा शब्द तयार होता. ग्रीक लोक खापरीच्या तुकड्यावर नांव लिहून माणसाला हद्दपार करीत, त्यावरून झालेला. पाद्रीबोवा म्हणाले, हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाहीं. त्यापेक्षां ‘बॉयकॉट करणें’ म्हणूं. एका सलगमाच्या शेतांतून निघालेला तो शब्द आज जगांतल्या पुष्कळ भाषांत आहे.

आणि ह्यांत आपल्या मुलुखाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा शब्द जन्मण्यापूर्वीं सहा वर्षें, डिसेंबर १८७४ मध्यें, शिरूर तालुक्यांतल्या कर्डे गांवीं हेंच झालें होतें. काळूराम नांवाच्या सावकारानें कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या जोरावर गांवांतल्या एकाचें घर पाडण्याचा हट्ट धरला. गांवानें विनवणी केली, ऐकलें नाहीं. तेव्हां गांवानें सावकारांशीं व्यवहार तोडला. त्यांच्या दुकानांत कोणी जाईना, त्यांचीं शेतें कोणी करीना; न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्या बलुतेदारांनीं काम बंद केलें. ती लाट पुणें, नगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांत गेली. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा होऊन सावकारांच्या वह्या-खतें जळलीं, आणि सरकारी चौकशींत त्या दंग्यालाच तेवढें नांव मिळालें. कर्ड्याच्या त्या शांत बहिष्काराला कोणीं नांव दिलें नाहीं. दिलें असतें, तर कोण जाणे, इंग्रज मुलांना शाळेंत एक मराठी शब्द पाठ करावा लागता.

आतां शेवटचा शब्द, आणि हा सांगतांना इंग्रजांकडे बोट दाखवून भागत नाहीं. ‘परायाह’ असा एक इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ ज्याला सर्वांनीं झिडकारलें असा माणूस. ऐकावयास हिंदींतल्या ‘पराया’सारखा वाटतो, पण संबंध नाहीं. हा तमिळ ‘परैयर’ ह्या जातीच्या नांवावरून झाला. ‘परै’ म्हणजे हलगीसारखें चामड्याचें वाद्य. तें वाजविण्याचें काम ह्या लोकांकडे असे. गोऱ्या प्रवाशांनीं येथें येऊन पाहिलें कीं ह्या लोकांना कोणी शिवत नाहीं, गांवांत घर देत नाहीं. त्यांनीं जातीचें नांव उचललें आणि विलायतेला नेलें. पुढें रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यालाहि त्यांनीं तेंच नांव दिलें. शब्द त्यांचा, पण माल आपला. ‘व्हिलन’ची कथा ऐकून ज्या कुणबी बांधवाला आतां वाईट वाटलें, त्यानें आपल्या घरांत भांडणांत कोणकोणत्या जातींचीं नांवें शिवी म्हणून निघतात, तीं एकदां मोजावीं. नसत्या चौकशीला ‘चांभारचौकशी’ कोण म्हणतें? मुलानें गलबला केला तर गांवकुसाबाहेरच्या वस्तीचें नांव घेऊन त्याला कोण दटावतें? तें नांव ज्याचें आहे, त्याचें मूलहि त्याच शाळेंत त्याच बांकावर बसलेलें असतें.

परैयरांनीं ह्या नांवाचें काय केलें तें सांगून संपवितों. रेट्टमलै श्रीनिवासन् ह्यांनीं १८९३ सालीं मद्रासेंत पत्र काढलें आणि त्याच्या मथळ्यावर नांव छापलें ‘परैयन’. हे तेच श्रीनिवासन्, जे १९३० सालीं लंडनच्या गोलमेज परिषदेंत डॉक्टर आंबेडकरांच्या शेजारीं अस्पृश्यांचे प्रतिनिधि म्हणून बसले. त्याच समाजांतले एम. सी. राजा ह्यांनीं दुसरी वाट धरली. त्यांच्या खटपटीनें १९२२ सालीं मद्रास सरकारनें तें नांव दप्तरांतून काढून ‘आदिद्राविड’ हें नांव घातलें. एकानें शिवी मथळ्यावर चढविली, दुसऱ्यानें ती दप्तरांतून खोडली. आम्हांला दोन्ही वाटा मर्दपणाच्या वाटतात. इंग्रजी वर्तमानपत्रें मात्र एखाद्या राष्ट्राशीं इतरांनीं संबंध तोडले म्हणजे त्या राष्ट्राला अजूनहि ‘परायाह’ म्हणतात, आणि लिहिणाराच्या मनांत त्या वाद्याचा आवाज क्वचितच येत असेल.

आमचें बोलणें येथें झालें. ज्या मुलांना हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून हवे असतील त्यांनीं वह्या घेऊन पुढें यावें.